पोलिसांवरचा राग ठाण्याच्या टेबलावर तयार होतो

प्रश्न दक्षिण नागपुरातल्या एका तरुणाचा आहे. घरासमोर लावलेली दुचाकी रात्रीतून चोरीला गेली. सकाळी तो ठाण्यात गेला, तर "दोन-तीन दिवस शोधा, मग या" म्हणून परत पाठवलं. वडील म्हणाले, पोलिसांच्या नादी लागू नको. मित्र म्हणाले, एखाद्या नगरसेवकाचा फोन लाव. त्याचं विचारणं असं आहे की लोकांच्या मनात पोलिसांबद्दल एवढी चीड का, आणि "हल्ली पोलिसांचं काम फार कठीण झालंय" हे सारखं ऐकू येतं ते खरं की काम टाळायचं निमित्त?

मी शहर पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि खात्यातल्या परीक्षा देत देत सहायक पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी ठाण्यांत गेली, मधला काही काळ गुन्हे शाखेत आणि वाहतुकीत. चीड खरी आहे, अडचणीही खऱ्या आहेत. पण अडचणींमुळेच लोकांना वाईट वागणूक मिळते, ही खात्याची आवडती कैफियत मला अर्धीच पटते. तुमची तक्रार घेतली नाही यामागे थकवा थोडा आणि हिशेब जास्त होता.

दर महिन्याला वरिष्ठांसमोर क्राइम मीटिंग होते. प्रत्येक ठाणेदार आपल्या हद्दीचे आकडे घेऊन उभा राहतो: घरफोडी किती, वाहनचोरी किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती होत्या, उघडकीस किती आल्या. वाहनचोरी वाढलेली दिसली की पहिला सवाल येतो, "तुमची रात्रगस्त काय करते?" आता दुचाकीचोरी उघडकीस येण्याचं प्रमाण तसंही कमी. म्हणजे नोंदवलेली प्रत्येक चोरी हा बहुतेक वेळा न उघडलेला गुन्हा म्हणून त्याच्या नावावर चढणार. जो ठाणेदार सगळ्या चोऱ्या इमानदारीने नोंदवतो त्याची हद्द कागदावर बेकार दिसते, आणि जो निम्म्या परतवतो त्याची हद्द शांत दिसते. ठाणेदार तोंडाने काही सांगत नाही. टेबलावरच्या हवालदाराला ते न सांगता समजतं.

मग टेबलावर काय होतं ते पाहा.

"गाडी कुठं लावली होती?"
"घरासमोर, साहेब."
"हँडल लॉक होतं?"
"होतं."
"किस्तीची आहे का? किस्त थकली? फायनान्सवाल्यानं उचलली नसेल?"
"नाही साहेब, पूर्ण फेडली."
"मग एखाद्या दोस्तानं नेली असन. दोन-तीन दिवस शोधा, नाहीच भेटली तर या."

यातला किस्तीचा प्रश्न रास्त आहे. थकलेल्या हप्त्यापायी वसुलीवाले खरोखर गाड्या उचलून नेतात. दोस्ताची शंकाही कधी कधी खरी निघते. पण शेवटचं वाक्य बेकायदा आहे. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं, आणि हा निकाल प्रत्येक ठाणेदाराला पाठ आहे. मोबाईलच्या बाबतीत युक्ती याहून सोपी. सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत खिशातून फोन काढला गेलेला माणूस येतो, आणि त्याच्याकडून 'गहाळ झाला' असा अर्ज लिहून घेतात. चोरी झाली तर गुन्हा, हरवला तर नुसती नोंद. अर्जदारालाही सिमकार्डासाठी कागद हवाच असतो, तो शिक्का घेऊन निघून जातो. चोर मोकळा, आकडा मोकळा.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर लोक वैतागले असते, चिडले नसते. चीड येते ती पुढच्या गोष्टीने. त्याच टेबलावर, त्याच सकाळी दुसऱ्याचीही गाडी गेलेली असते. त्याच्या मागोमाग साहेबांच्या मोबाईलवर फोन येतो, त्याला खुर्ची मिळते, चहा येतो आणि अर्ध्या तासात फिर्याद टाइप होते. बाकावर बसलेला पहिला माणूस हे सगळं बघत असतो. तो घरी जाऊन जे सांगतो ते वस्तीत वर्षानुवर्षं फिरतं. तुमच्या मित्रांचा सल्ला तिथूनच आला आणि वडिलांचाही. नागपुरातला सामान्य माणूस पोलिसांना घाबरतो असं म्हणतात. माझ्या मते तो पोलिसांपेक्षा त्या बाकाला जास्त घाबरतो.

पैशांचंही बोलून टाकतो, नाहीतर म्हणाल सोयीने वगळलं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वरची जागा सोडत नाहीत. "पगार कमी आहे म्हणून" ही सबब मी नोकरीत असतानाही ऐकून घेत नव्हतो. कोणी मागितले तर १०६४ वर फोन करा. सापळा लावणारेही पोलिसच असतात आणि ते काम मनापासून करतात.

आता दुसरी बाजू. टेबलावर तो माणूस का बसलेला असतो, आणि तपासाला माणूस का नसतो? या शहरात त्याचं उत्तर मोठ्या प्रमाणात एकच आहे: बंदोबस्त.

नागपूरचं वर्ष बंदोबस्तावर चालतं. रामनवमीची पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा, आंबेडकर जयंती, ताजबागचा उर्स, मारबत, गणपती, मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे लाखो लोक, जामठ्याला क्रिकेट सामना असला तर तो, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. शिवाय संघाचं मुख्यालय इथं, मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री इथले, त्यामुळे विमानतळ ते घर हा बंदोबस्त बारमाही. अधिवेशनाला बाहेरच्या जिल्ह्यांतून कुमक येते खरी, पण तिला जागा दाखवायला, रस्ते समजावायला आणि चुका निस्तरायला स्थानिक माणूसच लागतो.

अधिवेशनातला मोर्चा पॉइंट जवळून पाहा. सकाळी अंधारातच हजेरी. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेड लागतात, दोरखंड बांधले जातात, महिला अंमलदारांची पहिली रांग उभी राहते. यशवंत स्टेडियमकडून एकामागून एक मोर्चे येत राहतात: अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, विनाअनुदानित शिक्षक. मागण्या बहुतेकदा योग्य असतात. उभ्या पोलिसाला ते कळतं, त्याची बायको किंवा बहीण त्यातल्याच एखाद्या खात्यात असते. कोणी सलाइन लावून घेतलेला असतो, कोणी अंगावर रॉकेल ओतायची धमकी देतो. शिष्टमंडळ आत जातं आणि दोन तास बाहेर येत नाही. तोवर घोषणा कोणाच्या नावाने होणार? समोर दिसतो त्याच्या. जेवणाची पाकिटं दुपार उलटल्यावर येतात. फिरतं स्वच्छतागृह लांब, आणि रांग सोडून जायची सोय नाही, म्हणून कित्येक महिला पोलीस सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांच्या मूत्रमार्गाच्या तक्रारींवर कुठल्याही अधिवेशनात चर्चा झालेली माझ्या ऐकिवात नाही.

त्या पॉइंटवर उभं राहताना प्रत्येक जुन्या पोलिसाच्या मनात एक तारीख असते. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन, आदिवासी दर्जा मागायला आलेला गोवारी समाजाचा मोर्चा. गर्दी रेटली गेली, लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका-मुलंच जास्त. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. लाठी उचलायची की नाही हा निर्णय काही सेकंदांचा असतो आणि तो चुकला तर काय होतं हे या शहराने पाहिलं आहे. म्हणून आज मोर्चा अंगावर आला तरी शिपायाला हात बांधून उभं राहायला सांगतात, ते मला बरोबर वाटतं. लोकांना मात्र तो नेभळट दिसतो.

बंदोबस्त संपवून तोच माणूस ठाण्यात परततो, तेव्हा त्याच्या कपाटात तपासावरच्या फाइली पडून असतात. इथे लोकांना न दिसणारं एक घड्याळ चालू असतं. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेलंच पाहिजे. नाही गेलं तर आरोपीला जामिनाचा हक्क आपोआप मिळतो. वैद्यकीय अहवाल आला नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल अडकला, तपास अधिकारी दहा दिवस बंदोबस्तात होता, यांतलं काहीही घड्याळ थांबवत नाही. मुदत टळते, आरोपी सुटतो, आणि फिर्यादी बाई ठाण्यात येऊन म्हणते, "किती घेतले साहेब?" घेतलेले असतातही कधी. बऱ्याचदा घेतलेले नसतात, पण तिला ते पटवणार कसं?

अटक न करण्याबाबतही हेच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, कारणं लिहा, गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवा, हे अर्नेश कुमार खटल्यातल्या २०१४ च्या निकालाने घालून दिलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तीच नोटीस आहे. नियम चांगला आहे. त्याआधी अटकेचा धाक दाखवून जे चालायचं ते मी पाहिलंय. पण डोकं फुटलेल्या माणसाला संध्याकाळी समोरचा पानठेल्यावर उभा दिसतो, तेव्हा त्याच्या लेखी पोलिसांनी त्याला सोडून दिलेलं असतं. ठाण्यातलं कोणी दोन मिनिटं काढून त्याला नोटीस म्हणजे काय हे समजावून सांगत नाही. सांगितलं तर निम्मी भांडणं मिटतील, हे मी खात्रीने म्हणू शकतो, कारण जे अंमलदार सांगायचे त्यांच्या टेबलावर भांडणं होत नव्हती.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कामाची तऱ्हाच बदलली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी आणायचे, ऑनलाइन खबर आली तर तीन दिवसांत सही घ्यायची. कार्बन लावून पंचनामा लिहिण्यात हयात गेलेला हवालदार आता एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने मुद्देमालाला सील लावतो. कटकट आहे, पण मला हे बदल आवडतात. खोट्या पंचनाम्याचे दिवस यामुळे कमी होतील, आणि खऱ्या पंचनाम्यावर कोर्टात चिखलफेक करणं वकिलाला जड जाईल.

पंचांवरून आठवलं. आता थोडं तुमच्याकडे, म्हणजे जनतेकडे वळतो. अपघात झाला की वीस मोबाईल वर होतात. हवालदार त्याच वीस जणांना विचारतो, "पंच म्हणून सही कराल का?" आणि मिनिटभरात रस्ता रिकामा. मग चहाटपरीवरचा पोऱ्या नाहीतर ठाण्याच्या ओळखीचा कोणी पंच होतो, आणि कोर्टात वकील म्हणतो, हा तर पोलिसांचा नेहमीचा पंच आहे. साक्षीदार तीन-चार वर्षांनी समन्स आलं की फितूर होतो, कारण तोवर त्याची आरोपीशी गल्लीत समेट झालेली असते. आरोपी निर्दोष सुटतो. शिव्या पोलिसांना.

आणखी एक. ठाण्यात येणारे सभ्य, शिकलेले लोक जे मागतात त्यातलं किती कायद्यात बसतं? "साहेब, दोन दांडे लावा, लगेच कबूल होईल." भाडेकरू काढायचा आहे, भावाला जमिनीवरून दमात घ्यायचं आहे, पोरीने पळून लग्न केलंय तर पोराला आत टाकायचं आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. म्हणजे दांड्याने मिळालेल्या कबुलीचा खटल्याला उपयोग शून्य, आणि मारणाऱ्यावर गुन्हा वेगळा. तरीही मागणी थांबत नाही. हाच गृहस्थ त्याच्या पोराला पडलेल्या एका थापडेवरून मानवाधिकार आयोगापर्यंत जातो. जायलाच हवं. फक्त दुसऱ्याच्या पोराच्या वेळीही तो कायदा आठवला पाहिजे.

टेबलाने ऐकलं नाही की गोष्ट कुठवर जाऊ शकते, त्याचं उदाहरण याच शहरात आहे. कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाची दहशत होती. आमची तक्रार कोणी घेत नाही, घेतली तर तिची खबर त्यालाच लागते, असं वस्तीतल्या बायका सांगत होत्या. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयात, भर दिवसा, जमावाने त्याला ठार केलं. बायकांनी जबाबदारी अंगावर घेतली, आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, पुराव्याअभावी आरोपी सुटले. काहींना त्यात न्याय दिसतो. मला त्यात आधीच्या सगळ्या न घेतलेल्या तक्रारी दिसतात.

उलट चित्रही ताजं आहे. १७ मार्च २०२५ ला महालात चिटणीस पार्कजवळ अफवेवरून दगडफेक सुरू झाली, रात्री हंसापुरीत गाड्या जळल्या, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. तिसाहून अधिक पोलीस जखमी झाले, त्यांत उपायुक्त दर्जाचे अधिकारीही होते. त्या रात्री दोन्ही बाजूंच्या मोबाईलवर फिरणारी चित्रं वेगळी आणि गल्लीतली परिस्थिती वेगळी होती. पूर्वी अफवेला मोमीनपुऱ्याहून महालात पोचायला तास लागायचा, तेवढ्यात शांतता समितीची वयस्क मंडळी रस्त्यावर उतरायची. आता तो तास मिळत नाही, आणि नव्या पोरांना त्या वयस्कांची नावंही माहीत नसतात. आजची पोलिसी अवघड झाली असं म्हणतात त्यात मला सर्वांत खरी अडचण ही वाटते. तिच्याखालोखाल सायबर फसवणूक. पेन्शनवाल्या आजोबांना 'डिजिटल अटके'त, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर धाकात बसवून खातं रिकामं करतात, पैसा काही मिनिटांत चार राज्यांतल्या भाड्याच्या खात्यांतून फिरतो, आणि आजोबा दोन दिवस लाजेने कोणाला सांगत नाहीत. तिसऱ्या दिवशी ठाण्यातला शिपाई काय गोठवणार? सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक पहिल्या तासात लावला तरच उपयोग.

माणसाचं सांगायचं राहिलं. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात पोलीस सरासरी १४ तास काम करतो आणि जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असं आलं होतं. ज्यांनी पोलीस लाईनमधल्या घरात संसार केला त्यांना यात नवल वाटणार नाही. २०२१ मध्ये महिला अंमलदारांना आठ तासांची ड्युटी द्यायचा प्रयोग झाला, त्यात नागपूर पहिल्या काही शहरांत होतं. पण बंदोबस्त लागला की आठाचे बारा व्हायला वेळ लागत नाही. बाकी कर्मचारी संघटना काढून मोर्चा नेतात. पोलिसाला १९६६ च्या कायद्याने तेही बंद आहे, त्याची कुरकुर मेसमध्येच संपते. आणि बदलीची तलवार वेगळी. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी वेगळी माणसं ठेवा, अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं जागेवर राहू द्या, हे प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगून ठेवलंय. कोणतंही सरकार ते मनापासून करत नाही, कारण बंदोबस्ताला आणि बदलीला हाताशी माणूस लागतो. मला विचाराल तर यातली पहिली गोष्ट झाली, तपासाचा माणूस फक्त तपासालाच राहिला, आणि क्राइम मीटिंगमध्ये "आकडा का वाढला" याऐवजी "किती फिर्यादींना परतवलं" हे विचारायला लागले, तर पाच वर्षांत टेबल बदलेल. जनसंपर्काच्या कार्यक्रमांनी आणि सेल्फी पॉइंटनी बदलणार नाही.

आता तुमच्या गाडीचं. दोन-तीन दिवस थांबू नका. लेखी तक्रार दोन प्रतींत न्या, आरसीची झेरॉक्स जोडा, इंजिन आणि चेसिस नंबर लिहा, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच मागितली की टेबलाची भाषा निम्म्याने बदलते. तरीही नाही घेतली तर बाहेर येऊन ११२ ला फोन करा आणि चोरी सांगा. त्या कॉलची वेळेसह नोंद राहते, ती कोणाला पुसता येत नाही. त्यानंतर तीच तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमात ही वाट दिलेली आहे, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. क्वचितच तिथवर जावं लागतं. एफआयआर झाला की प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या, आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे हे तपास अधिकाऱ्याला नम्रपणे आठवण करून द्या.

विमा असेल तर कंपनीला आजच कळवा, एफआयआरची वाट पाहू नका. गाडी सापडली नाही तर पोलीस 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. न्यायालयाने मंजूर केलेली ती प्रत असल्याशिवाय विमा कंपनी सहसा पैसे देत नाही, आणि ती काढायला तुम्हाला त्याच ठाण्यात दोन-चार चकरा माराव्या लागतील. जाल तेव्हा सकाळची हजेरी झाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास जा, आणि अधिवेशन सुरू व्हायच्या आत काम उरका.